क्षर अक्षरे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ या संग्रहातील पन्नासावा नियम मी चौतीस वर्षांच्या शासकीय सेवेत कधी वाचला नव्हता. माझा संबंध भांडार-खरेदीच्या फायलींशी; परिवहन खात्याचे नियम आमच्या टेबलावर येण्याचे काही कारण नव्हते. २०२५ च्या पावसाळ्यानंतर मात्र तो नियम मी तीनदा वाचला, आणि शासकीय भाषेच्या जुन्या वाचकाला होतो तो आनंद आणि तो विषाद, दोन्ही मला त्यातून मिळाले. वाहनाच्या नंबराची पाटी कशी असावी हे त्या नियमात सांगितले आहे. ती एक मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असावी, कडा गोलसर असाव्यात, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचे होलोग्राम असावे, अक्षरे उठावाची असावीत आणि त्यांच्यावरचा काळा रंग उष्ण ठशाने पक्का बसविलेला असावा. २००१ साली या नियमात जी दुरुस्ती झाली तिच्या मजकुरात आणखी एक अट आहे. पाटीवरचे परावर्तक आवरण किमान पाच वर्षे ‘नाश न पावणारे’ असल्याची हमी हवी.

नाश न पावणारे म्हणजे आपल्या भाषेत ‘अक्षर’. ज्याला क्षर नाही ते अक्षर, हे आपण शाळेतच शिकलो. माझ्या मोटारीच्या मागील पाटीवरची अक्षरे अठरा महिन्यांत क्षर झाली, तेव्हा पहिल्यांदा ही व्युत्पत्तीच आठवली. संताप नंतर आला.

ज्या वाचकांकडे अलीकडची मोटार आहे त्यांना ही पाटी गाडीबरोबरच मिळालेली असते, कारण १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या वाहनांना ती उत्पादकानेच पुरवावयाची आहे. प्रश्न आम्हा जुन्या गाडीवाल्यांचा आहे. कर्नाटक शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचना काढून त्या तारखेपूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांच्या पाट्या बदलून घेण्यास नव्वद दिवस दिले. ती मुदत १७ नोव्हेंबर २०२३ ला संपावयाची, ती १७ फेब्रुवारी २०२४ झाली, मग ३१ मे झाली आणि पुढेही लांबत गेली. मुदतवाढ मिळतेच हे चौतीस वर्षे आतून पाहिलेले असूनही मी पहिल्या वाढीव मुदतीच्या आतच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पाट्या बसवून घेतल्या. सौभाग्यवतींनी तेव्हा विचारले होते, “एवढी घाई कशाला?” निवृत्त माणसाला सरकारी मुदत पाळण्यात एक सुख असते, ते इतरांना समजावून सांगता येत नाही.

या योजनेचा मी विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंबराच्या पाट्यांचे जे काही आपल्याकडे चालले होते ते थांबणे आवश्यकच होते. २१४ हा आकडा ‘राम’ असा दिसावा म्हणून वाकविलेला आणि ४१४१ चा ‘दादा’ झालेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. चोरलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीचा नंबर लावणे हे पन्नास रुपयांचे काम होते. नव्या पाटीवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, तो वाहनाच्या शासकीय नोंदीशी जोडलेला असतो, आणि ती ज्या खिळीने बसवितात ती खीळ तोडल्याशिवाय निघत नाही. कल्पना चांगली आहे. २००१ साली निघालेली ही कल्पना देशभर पोचावयास वीस वर्षे लागली. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा पुन्हा फटकारावे लागले.

शिवाय आम्हा सीमाभागातल्या माणसांच्या दृष्टीने नंबराची पाटी ही केवळ परिवहन खात्याची बाब नाही. आमची पाटी वाचली जाते. कोल्हापुरात गाडी उभी केली की शेजारचा माणूस आधी पाटी पाहतो, मग आमचे मराठी ऐकतो आणि मग, “अहो, तुम्ही बेळगावचे!” असे म्हणून मोकळा हसतो. पाटीवरचे ‘के.ए. २२’ आणि तोंडातली भाषा यांचा मेळ बसविण्यास त्याला क्षणभर लागतो. हा झाला सुखाचा प्रकार. दुसरा प्रकार डिसेंबर २०२२ मध्ये दिसला. हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या वाहनांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्या आठवड्यात दोन्हीकडची किती कुटुंबे लग्नाला किंवा तेराव्याला जायची थांबली, हे ज्याचे त्याला ठाऊक. तेव्हा पाटीवरची दोन अक्षरे आणि चार आकडे स्पष्ट दिसावेत ही आमची अपेक्षा थोडी अधिकच तीव्र असते. जे आहे ते नीट दिसावे. संशयाला जागा नको.

आमच्या पडवीत १९८४ ची एक स्कूटर उभी आहे. ती आता चालत नाही, पण काढवतही नाही. तिच्या मागे जी पाटी आहे ती शहापुरातल्या एका पेंटरांनी रंगविलेली आहे. तेव्हा खासगी वाहनांना काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असत. पत्र्याला आधी तांबडा रेडऑक्साइडचा हात, तो वाळला की काळ्या इनॅमलचे दोन हात, मग पेन्सिलीने रेघा आखून चपट्या कुंचल्याने अक्षरे. हे गृहस्थ मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या सारख्याच सफाईने लिहीत. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पाटी वाळविण्यासाठी त्यांनी माझी स्कूटर दोन दिवस अडकवून ठेवली होती आणि घाई करताच, “साहेब, रंग तुमच्या हापिसात नोकरीला नाही,” असे सुनावले होते. ती स्कूटर पुढे वीस वर्षे बेळगावच्या पावसात भिजली. आज पाटीला कोपऱ्यात गंज आहे, रंगाला बारीक तडे आहेत. नंबर मात्र फाटकाबाहेरून वाचता येतो. रात्री दिव्याच्या झोतात ती चमकत नाही हे खरे, आणि तिची नक्कल कोणीही पेंटर करू शकला असता हेही खरे. जुने ते सोने म्हणण्यासाठी मी हा दाखला दिलेला नाही. पत्रा, रंग आणि ऊनपाऊस यांचे गणित चाळीस वर्षांपूर्वी एका कुंचल्याने सुटत होते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

आता नवी पाटी. पहिले वर्ष ठीक गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात मागील पाटीवरच्या आठाच्या आकड्याची कड करडी दिसू लागली. मला वाटले धूळ आहे. चोर्ला घाटाने गोव्याला वरचेवर जाणे होते, आणि त्या रस्त्याची तांबडी माती कोठेही बसते. ओल्या फडक्याने पुसले तर फडक्यावर काळा कण आला. पावसाळ्यात प्रकरण वेगाने पुढे गेले. उठावाच्या अक्षराचा माथा हा सर्वांत पुढे आलेला भाग. चिखल, खडी, फडके, पाण्याचा फवारा यांचा पहिला मार त्यालाच. ऑक्टोबरपर्यंत आठाच्या डाव्या अंगाचा काळा रंग निघून गेला. इंग्रजी आठाची डावी बाजू गेली की काय उरते हे वाचकांनी कागदावर काढून पाहावे. वरच्या भोकाभोवती परावर्तक आवरणाखाली पाणी शिरून एक फुगाही आला होता. पुढची पाटी, नवल म्हणजे, बरीच शाबूत होती. एकाच दिवशी, एकाच पुरवठादाराकडून आलेल्या दोन पाट्यांत हा फरक का, हा प्रश्न मला जास्त बोचत राहिला.

डिचोलीला भाचीकडे जाताना घाट उतरल्यावर एका तरुण पोलिसाने गाडी थांबविली. वागणे अदबीचे होते. कागदपत्रे पाहिली, मागे गेला, परत आला आणि म्हणाला, “काका, हो तीन काय आठ?” मी खाली उतरलो आणि त्याला सांगितले, “डोळ्यांनी वाचू नका, बोटांनी वाचा.” त्याने खरेच पाटीवरून बोट फिरविले, उठाव जागेवर होता, आठ हा आठच होता. तो हसला, मीही हसलो. पण रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला बोट नसते. माझ्या आठाचा तीन वाचून त्याने दंडाची पावती ज्या कोणा तिनाच्या मालकाला पाठविली असेल, त्याला मी कोठे शोधू? आणि त्याच्या गाडीचा आठ पुसला गेला तर त्याची पावती माझ्या पत्त्यावर येणार नाही कशावरून? निघताना पोलिसाने सल्ला दिला, “काळो रंग मारून घेयात.” कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्यानेही तीच तयारी दाखविली, पन्नास रुपयांत. मी नाही म्हटले. ज्या पाटीचे सारे प्रयोजन तिला कोणी हात लावू नये हे आहे, तिच्यावर घरचा कुंचला फिरविल्यावर उद्या अडचण आली तर दोष पुरवठादाराचा न राहता माझा ठरेल, हे समजण्यापुरती नोकरी मी केली आहे.

उद्यमबागेत माझ्या एका शाळासोबत्याचे यंत्रशाळेचे काम आहे. बेळगावच्या ओतशाळा आणि यंत्रशाळा यांच्याविषयी या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्याने पाटी भिंगाखाली पाहिली आणि मला उष्ण ठशाचे काम समजावून दिले. काळा रंग हा रंग म्हणून लावला जात नाही. तो एका पातळ चित्रफितीवर असतो. त्या फितीवर तिरप्या ओळींत ‘इंडिया’ हा शब्द असतो, तो काळ्या अक्षरांवर बारकाईने पाहिल्यास दिसतो. पत्र्यावर आधी परावर्तक आवरण चिकटवितात, मग दाबयंत्रात अक्षरे उठवितात, आणि शेवटी ही फीत वर ठेवून तापलेल्या रुळाने किंवा तव्याने दाबतात. उष्णता, दाब आणि वेळ या तिन्ही गोष्टी जमल्या तर रंगाचा थर फितीवरून सुटून आवरणाला जडतो. यांतली एक गोष्ट कमी पडली, किंवा पृष्ठभागावर धूळ वा हाताचा तेलकटपणा राहिला, तर थर वरवर बसतो. त्या दिवशी तो नव्यासारखाच दिसतो. “दिसण्यात फरक नाही, धरण्यात आहे,” असे तो म्हणाला. अक्षराच्या मध्यभागी रंग टिकला होता आणि कडांना सुटला होता, त्यावरून त्याचा तर्क असा की रूळ घाईने फिरला असावा. राज्यातील जुन्या वाहनांची संख्या कोटींत मोजावी लागते आणि मुदत नव्वद दिवसांची. घाईचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. भोकाजवळच्या फुग्याचे कारण वेगळे. आवरण ज्या ज्या ठिकाणी कापले जाते तेथे त्याची कड उघडी पडते आणि पाणी तिथूनच आत शिरते.

बोलता बोलता तो म्हणाला, “अॅल्युमिनियमच्या पत्र्याला काही झालेले नाही, बघ.” पत्रा खरोखर ठणठणीत होता. यमनापूरच्या कारखान्यात ज्या मातीपासून अॅल्युमिना काढतात त्या मातीच्या गावचे आम्ही. निदान तेवढा मान राहिला.

यानंतर मी रीतसर मार्गाला लागलो. पाटी संकेतस्थळावर नोंदविली होती, तेथेच गेलो. पाटी बदलून घेण्यासाठीच्या अर्जात कारण निवडावे लागते. कारणे दोन होती. पाटीचे नुकसान झाले, अथवा पाटी हरवली वा चोरीस गेली. चोरीला पोलिसांकडील तक्रारीची प्रत हवी. नुकसानीला जुनी पाटी परत करावयाची आणि पैसे नव्याने भरावयाचे. पाटी मुळातच सदोष होती, हे तिसरे कारण त्या यादीत नव्हते. मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. आयुष्यभर नमुने आणि प्रपत्रे तयार केलेल्या माणसाला हे पटकन कळते की प्रपत्रात ज्याला रकाना नाही ते शासनाच्या लेखी घडतच नाही. दूरध्वनीवरच्या मुलीने सौजन्याने ऐकून घेतले आणि सांगितले, “सर, डॅमेज्ड सिलेक्ट करा.” मी म्हटले, “बाई, मी काही डॅमेज केलेले नाही.” ती म्हणाली, “सर, दुसरा ऑप्शन नाही.” तिचे काही चुकले नाही. तिच्यासमोरही तीच यादी होती.

येथे माझा खरेदी विभागातला अनुभव आड येतो. आम्ही लोखंडी पाइप घेतला काय किंवा कचेरीची कपाटे घेतली काय, तीन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. माल आला की त्यातले काही नग कोणतेही उचलून तपासावयाचे. पुरवठादाराची अनामत दोष-दायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकवून ठेवावयाची. आणि सदोष नग कोणाकडे, किती दिवसांत परत करावयाचा हे करारात लिहून घ्यावयाचे. या तिन्ही गोष्टींनी भ्रष्टाचार थांबतो असे मी म्हणणार नाही, तेवढा भाबडा मी नाही. पण पाइप गळला तर कोणाला पत्र लिहावयाचे ते तरी ठाऊक असे. नंबराच्या पाटीच्या बाबतीत काय झाले आहे पाहा. पाटीच्या नमुन्याला अधिकृत चाचणी-संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. ती नमुन्याला मिळते. माझ्या गाडीवर बसली ती पाटी त्या नमुन्याची कितवी भावंडे असेल आणि तिची तपासणी कोणी केली असेल, हे मला कळण्याचा मार्ग नाही. मान्यता शासनाची, दंड शासनाचा, विकत घेण्याची सक्ती शासनाची. पैसे मात्र मी भरतो, तेही पूर्ण आणि आगाऊ. अनामत कोणाचीच अडकलेली नाही. मी ग्राहक आहे, पण दुकान बदलण्याची मुभा नसलेला. आणि दुरुस्त करण्याचीही मुभा नसलेला. पूर्वी पेंटरांची पाटी उडाली असती तर मी शहापुरात जाऊन त्यांच्या दारात उभा राहिलो असतो, आणि त्यांनी माझ्या देखत ती पुन्हा रंगविली असती. ते दार नियमाने बंद केले. बंद करण्यास कारण होते, हे मी वर मान्य केलेच आहे. पण एक दार बंद करताना दुसरे उघडावयाचे असते, तो परिच्छेद अधिसूचनेत लिहावयाचा राहून गेला.

हमीच्या वाक्याकडेही पुन्हा वळतो. पाच वर्षांची हमी आवरणाला आहे. अक्षरांच्या रंगाविषयी तो ‘पक्का’ असावा एवढेच आहे. म्हणजे कोणी वाद घालावयाचाच ठरविला तर ज्या पांढऱ्या आवरणावर काहीच लिहिलेले उरले नाही ते अविनाशी आहे, आणि जे वाचावयाचे ते हमीबाहेर आहे, असे म्हणता येईल. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात हे नसणार. पण मसुदा वाचला जातो तो लिहिणाऱ्याच्या मनासह वाचला जात नाही.

हा प्रश्न आता आमच्यापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात जुन्या वाहनांसाठी ३१ मार्च २०२५ ही पहिली मुदत होती, ती त्या वर्षात अनेकदा वाढविली गेली. मोटारीला ७४५ रुपये आणि वर कर असा दर ठरला, आणि इतर राज्यांच्या तुलनेत तो जास्त की योग्य यावर वृत्तपत्रांत बरेच रण माजले. दराची चर्चा झाली ती चांगलेच झाले. पाटी किती वर्षे वाचता येईल याची चर्चा मला कोठे दिसली नाही. कोल्हापूरच्या पुतण्याला मी फोन करून सांगितले ते येथेही सांगतो. पाटी बसवून घेतल्या दिवशी दोन्ही पाट्यांचे जवळून फोटो काढून ठेवावेत. लेझरचा क्रमांक पावतीवरच्या आणि काचेवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. अक्षराची कड नखाने हलकेच चाचपावी, सुटत असेल तर खीळ ठोकण्यापूर्वीच नकार द्यावा. खीळ ठोकल्यावर पाटी तुमची. पाण्याचा जोराचा फवारा पाटीवर जवळून मारू देऊ नये, आणि कोरड्या फडक्याने चिखल घासू नये.

अखेर मी ‘नुकसान’ हाच पर्याय निवडला, कारण भाचीच्या मुलाची मुंज तोंडावर होती आणि न वाचता येणाऱ्या पाटीने राज्याची हद्द ओलांडण्याची माझी तयारी नव्हती. मात्र त्याआधी पुरवठादाराला आणि परिवहन कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्रे पाठविली, की हा पर्याय दुसरा नसल्याने निवडला आहे आणि सदोष मालाच्या भरपाईचा माझा दावा कायम आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. वकील मित्र म्हणाले, “सहा-सातशे रुपयांसाठी एवढा खटाटोप?” रक्कम खरोखर तेवढीच आहे. माझ्याकडे वेळ आहे, आणि अर्ज लिहिण्याची सवय अजून मोडलेली नाही.

अडचण पुराव्याची होती. नवी पाटी मिळावयाची तर जुनी परत करून नष्ट होऊ द्यावी लागते. नियमाच्या हेतूने ते बरोबरच आहे, नाही तर उडालेल्या पाट्या बाजारात फिरतील. पण दावा ज्या वस्तूविषयी आहे तीच वस्तू ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच्या हाती द्यावयाची, असा त्याचा अर्थ होतो. मी पाटीचे मोजपट्टी ठेवून फोटो काढले, उद्यमबागेतल्या मित्राकडून तिच्या स्थितीचे चार ओळींचे टिपण सहीनिशी घेतले, आणि मग ठरल्या वेळी बसविण्याच्या ठिकाणी गेलो. तेथल्या मुलाने खीळ तोडली, जुनी पाटी काढली आणि एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. खोक्यात आधीच्या बऱ्याच पाट्या होत्या. काही वाकलेल्या, अपघातातल्या. पण सपाट, कोरी, नुसत्या उठावाची अक्षरे शिल्लक राहिलेली अशीही एक चवड होती. मी त्याला विचारले, “या सगळ्या डॅमेज्डच का रे?” तो म्हणाला, “हो काका, सगळ्या डॅमेज्ड.” खोक्याचा फोटो काढू का म्हणून विचारले, तर त्याने खांदे उडविले. तो फोटो तक्रारीला जोडला आहे. तक्रारीचा क्रमांक मिळाला आहे, सुनावणीची तारीख अद्याप यावयाची आहे.